दोघांत एक जाकीट

मी लोखंडी हूक दारावर आपटत होते आणि बाहेर चहाची सुट्टी झाली होती.

त्या खोलीला आम्ही नुसतं 'आत' म्हणायचो. खाडीच्या अंगाला मासळी गोठवून परदेशी धाडणारा कारखाना होता, त्यातली ही गोदामाएवढी खोली. बाहेर मे महिना, आत वजा वीस. दार हातभर जाड. ते आतून उघडायचं हँडल मी कामाला लागायच्या आधीच तुटलेलं. मग रीत अशी पडली होती, की आतल्यानं खोकी ओढायच्या हुकानं दार बडवायचं आणि बाहेरच्यानं उघडायचं. बाहेर कुणी असलं तर.

त्या संध्याकाळी नव्हतं.

अंगात नवऱ्याचं जाकीट होतं. निळं, माझ्या गुडघ्याखाली येणारं, खांदे माझ्या दंडांवर उतरलेले. चेन तुटलेली, म्हणून पोटावर सुतळी बांधलेली. सकाळच्या पाळीला तो ते घालायचा, घामानं आतून भिजवायचा, आणि पाळी सुटली की गेटवर काढून माझ्या हातात द्यायचा. मी ते ओलंच चढवायचे. आत गेलं की ती ओल पत्र्यासारखी ताठ व्हायची. मग खालून गारवा शिरायचा, कारण माझ्या आणि जाकिटाच्या मधे आणखी एक बाई मावेल एवढी जागा होती.

हूक हातातून पडला. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. मग मी कपाळानं दार बडवलं. कपाळाच्या डाव्या अंगाला अजून खूण आहे. लोक विचारतात, मी सांगत नाही. आज लिहिते आहे.

दार हिराबायनं उघडलं. हिराबाय तिथल्याच गावची, आगरी, 'ड'ला 'र' आणि 'ळ'ला 'ल' म्हणणारी. तिच्या सासऱ्याचं मिठागर गेलं त्याच जागेवर हा कारखाना उभा होता, आणि ती त्यात रोजंदारीवर कोळंबी सोलत होती. तिनं मला काखेत धरून बाहेर ओढलं आणि फरशीवर बसवलं.

"काय गो मंदे! जीव हाय का? बोल ना गो!"

मला बोलता येत नव्हतं. दात नुसते वाजत होते. तिनं सुतळीची गाठ सोडायला घेतली, पण गाठ गोठून गारगोटी झालेली. तिनं कंबरेची कोळंबीची सुरी काढली आणि सुतळी कापली. जाकीट अंगाला धरून बसलं होतं. तिनं ते पुढनं तसंच टरकावलं, मला त्यातनं सोलून काढलं, आणि आपल्या अंगाशी धरून कॉम्प्रेसरच्या खोलीमागं नेलं. तिथं गरम हवेचा झोत बाहेर पडतो. आम्ही बाया चोरून हात शेकायला तिथंच जायचो.

कुणीतरी नवऱ्याला बोलवायला गेलं. आमची खोली कारखान्याच्या मागच्याच वस्तीत होती. तो बनियनवर पळत आला. पळत आला हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. माझ्यापुढं उभा राहिला. माझ्याकडं बघितलं, फरशीकडं बघितलं.

"जाकीट कुठंय?" तो म्हणाला.

हिराबाय माझे हात चोळत होती, ती थांबली. "बायको इकरं हाय. आधी तिला बघ."

"बघतुया की. जाकीट कुणी फाडलं?"

"मी फाडला. तुझी बायको त्यात गोठली व्हती."

"आवं पण सकाळी माझी पाळी हाय!"

माझ्या नवऱ्याचं नाव उत्तरेश्वर. तो आता या जगात नाही, म्हणून हिंमत करून लिहिते आहे, असं कुणी समजू नये. असता तरी लिहिलं असतं आणि त्याच्यासमोर वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर पाटकरांनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, तब्येत विचारतील.

"मंदोदरी, काल जे झालं ते बाहेर बोलायचं नाही."

"न्हाई बोलत. साहेब, हँडल कधी बसवणार?"

"ते बघू. हे ऐक. यापुढं फाटक्या जाकिटात आत कुणाला सोडणार नाही. चेन लागलीच पाहिजे. वरून तसा आदेश आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "आणि एक तारखेपासून आतल्या लेबलच्या कामाला एक बाई कायम करतायत. ठेकेदाराकडं नाही, कंपनीत. सकाळची पाळी. तुझं काम बरं आहे. स्वतःचं जाकीट असेल तर तुझं नाव देतो."

"कायम बाईला कंपनी जाकीट देत न्हाई?"

"सहा महिन्यांनी देते. तोपर्यंत स्वतःचं. हवंय का नको ते सांग, बाकीच्या रांगेत आहेत."

म्हणजे बघा. दाराला एक हँडल बसवायचं, ते राहिलं बाजूला. आदेश काय निघाला, तर मरताना चेन लावलेली असली पाहिजे.

पण कायम! आमच्या वस्तीत कायम बाई एकसुद्धा नव्हती. कायम म्हणजे ठेकेदाराच्या तोंडाकडं बघणं बंद. आजारी पडलं तर पगार. मी घरी येईपर्यंत पाटकरांचं ते वाक्य तोंडात घोळवत होते. आणि घरी आल्यावर उत्तरेश्वरनं ते एका घासात गिळलं.

"सकाळची पाळी?" तो म्हणाला. "सकाळी जाकीट माझ्या अंगात असतंय."

"नवीन घ्यायचंच हाय की. माझी भिशी लागलीय."

"एकच येतंय तेवढ्यात."

"मग माझ्या मापाचं घेऊ. तुमी काही दिवस बाहेरचं काम घ्या. ट्रक भरायचं. तिथं कशाला लागतंय जाकीट?"

तो हसला. रागावला नाही, हसला. बार्शीकडच्या माणसाचं हे असं असतं, समजूत घालायची असली की आधी हसतो.

"आगं, घोंगडं कधी एकाच्या मापाचं घेतंय का कुणी? माझ्या आईनं आमा पाच पोरांला दोन घोंगड्यांवर वाढवलं. जड बघायचं, लांब बघायचं, घरातल्या समद्यात थोराड माणूस कोण त्याला पुरतंय का बघायचं. बाकीच्यांला पुरतंच."

"घोंगडं पांघरून झोपायचं असतंय. ह्यात शिरून काम करायचं असतंय."

"त्येच की. मोठं लहानाला चालतंय, लहान मोठ्याला चालत न्हाई. एवढी साधी गोष्ट हाय, मंदे."

माझी खरी कोंडी हीच होती. त्यानं मारलं असतं तर ओरडता आलं असतं. दारू प्याला असता तर शेजारणींनी बाजू घेतली असती. पण तो बोलायचा ते सगळं सरळ असायचं, त्यात कुठं बोट घालायला फट नसायची, आणि शेवटी वस्तू त्याच्याकडं गेलेली असायची. माझ्या भावानं लग्नात मला मनगटी घड्याळ दिलं होतं. "तुझ्या मनगटाला ढिलं हुतंय, पडंल कुठंतरी," म्हणून त्यानं ते घातलं. ते त्याच्या मनगटावरनं पुन्हा उतरलं नाही. ढिलं घड्याळ मला चालत नव्हतं. ढिलं जाकीट चालत होतं.

हिराबायला हे सांगितलं तर ती थुंकली. भिशी तिच्याकडंच असायची. तिनं पैसे माझ्या रुमालात बांधले, रुमाल माझ्या कंबरेला खोचला आणि वरून थापटलं.

"गव्हाण फाट्याच्या पुढं धर्माचा पत्र्याचा दुकान हाय. माझा चुलत दीर. मोरलेल्या जहाजांचा माल विकतं. मी पाठवली सांग. आन ऐक, खुंटीवर टांगून बघू नको. अंगात घाल, खाली बस, हात वर कर. पाठ उगरी परली का नापास. मनगटाला आवलला पायजे. आन चेनीवर पट्टी पायजे, नायतर चेनीतूनच गारवा येतं."

"आन मोठं की लहान?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "गारवा कोनाला लागतं? जाकिटाला का तुला?"

दुपारच्या पाळीआधी जाऊन यायचं ठरलं. उत्तरेश्वरनं खाडा केला, कारण नव्या जाकिटाशिवाय त्याला तसंही आत सोडत नव्हते. फाटकं निळं जाकीट त्यानं बरोबर घेतलं. जुनं देऊन नव्याचे पैसे कमी करायचे. मोडीत काही टाकायचं नाही, हा त्याचा धर्म.

धर्माचं दुकान म्हणजे समुद्रानं ओकलेला संसार. दोरखंड, टायरसारख्या तरंगत्या चकत्या, जहाजातल्या खुर्च्या, भांडी, बूट, आणि मागच्या दोरीवर कपडे. वर पत्रा, मे महिना. आत उभं राहिलं की डोक्यातलं तेल वितळून कपाळावर येत होतं. अशा उन्हात बर्फातला कोट बघायला आलेली आम्ही दोन माणसं. धर्मानं आधी आम्हाला वेडे समजून बघितलं, मग मी हिराबायचं नाव घेतलं.

"हां हां, वयनीच्या कारखान्यातली. बसा. कंचा दाखवू?"

पुढंच दोन रेक्झिनची जाकिटं लटकत होती, चकचकीत. उत्तरेश्वरनं हात लावला. "ह्यातली दोन येत्याल का एवढ्या पैशात?"

माझा जीव हरखला. दोन! एक त्याला, एक मला, मग भांडणच नाही.

"दोन येतील," धर्मा म्हणाला. "पन ती फटफटीवाल्यांची हायेत. तुमच्या वजा वीसमधी कराकरा फुटतील. मना फसवायचा असता तर दिली असती."

मग त्यानं मागनं खरी काढली. दोनच होती. एक काळपट, लांब, टोपीला केसाळ पट्टी, उचलायला दोन हात लागावेत असं. दुसरं केशरी, आखूड, नीट घडी घातलेलं. गळ्यापाशी कुठल्यातरी देशाची अक्षरं शिवलेली. एखाद्या बारक्या चणीच्या खलाशाचं असेल. बाईचंही असेल, कुणास ठाऊक.

"केशरी कशापायी?" मी विचारलं.

"पान्यात परला तरी लांबून दिसतं."

किंमत दोन्हीची जवळपास सारखीच होती. पैसे एकाचे होते.

उत्तरेश्वरनं काळं जाकीट हातावर तोललं. खालीवर केलं. अंगाला लावलं, लांबी बघितली, पदर चोळल्यासारखं कापड बोटांत चोळलं, नाकाला लावलं. त्याचा चेहरा खुलला. तो पंधरा वर्षांचा असताना आईबरोबर घोंगडं घ्यायला गेला असेल तेव्हा असाच दिसला असेल.

"वजन बघ, मंदे. घोंगडं हाय, घोंगडं! धर, धर."

मी धरलं. माझे खांदे खाली गेले.

"ह्येच घ्यायचं," तो म्हणाला आणि धर्माकडं वळला. "आता ह्ये जुनं घ्या आन कमी करा."

धर्मानं निळ्याची अवस्था बघितली. "ह्याचं काय करू? इंजिन पुसायला चिंध्या होतील."

"मग चिंध्यांचे पैसे धरा."

त्यांची घासाघीस सुरू झाली. उत्तरेश्वर घासाघिशीत रंगला की बायको, ऊन, पाळी, सगळं विसरायचा. धर्माही तसलाच. बोलता बोलता त्यानं निळ्या जाकिटाची एक बाही टरकन उसवून बाजूच्या ढिगावर टाकली, माल कुजका आहे हे दाखवायला. मग दुसरी.

मी केशरी जाकीट घातलं.

मनगटाला ते आवळलं. कंबरेला आतून दोरी होती, ती ओढली. चेन सरसर हनुवटीपर्यंत गेली आणि तिच्यावर पट्टी बसली, टच् टच् टच्. मी खाली बसले. हात वर केले. पाठ उघडी पडली नाही. मोठ्या जाकिटात दोन वर्षं मला कळलंच नव्हतं, की माझं अंग कुठं संपतं. ते तिथं कळलं, त्या पत्र्याखाली, घामाच्या धारांत.

"काय करतीस तितं खाली?" उत्तरेश्वर मागं वळला. "ऊठ. पैसे काढ."

मी उठले. रुमाल काढला, गाठ सोडली आणि पैसे धर्माच्या पुढ्यात ठेवले.

"ह्याचे," मी म्हणाले. "अंगात हाय त्याचे."

"काढ ते."

"न्हाई."

"मंदे, येडेपणा करू नको. त्ये मला हुईल का?"

"तुमाला कुठं म्हनलं मी?"

"काढ म्हनतो ना!"

धर्मा पैशांकडं बघत होता, मग माझ्याकडं, मग त्याच्याकडं. "दादा," तो म्हणाला, "बाईच्या अंगातला कपरा उतरवून घ्यायचा धंदा मी ना करीत. तुमचा तुमी बघा." आणि त्यानं पैसे उचलले.

उत्तरेश्वरनं ढिगाकडं हात केला. "मग माझं जुनं द्या परत."

धर्मानं दोन बाह्या आणि एक पाठ उचलून त्याच्यापुढं धरली.

आम्ही फाट्यावर आलो. मिनीडोर भरत होती. त्या भागात तेव्हा एसटीपेक्षा ह्या सहा आसनी रिक्षाच जास्त, आणि सहा आसनी म्हणजे अकरा माणसं. मी मधे बसले, चेन हनुवटीपर्यंत लावून.

आधी पुढनं ड्रायव्हर वळला. "मावशी, काश्मीरचा भाडा वेगला परल हां!"

सगळे हसले. कडेला एक म्हातारी मासळीची रिकामी पाटी घेऊन बसली होती, तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप हाय काय गो बाय? हिवताप?"

"न्हाई मावशी."

"मग नवीन हाय म्हनून घातलाय," दुसरा एक जण म्हणाला. "मीपन नवीन चप्पल घेतली तवा घालून झोपलेलो."

उत्तरेश्वर कानाशी आला. "काढ. लोक हसत्यात."

"हसू दे."

"मरशील उकाड्यानं."

"त्या दिवशी गारठ्यानं मरत हुते, तवा न्हाई म्हनला मरशील."

मग थोड्या वेळानं, अगदी गोड आवाजात, "मी धरतो की हातात. गेटापातूर. मग दितो."

मी दोन्ही हातांनी चेनीचं टोक धरलं. घड्याळही असंच 'धरतो' म्हणून गेलं होतं, आणि ते आत्ता माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या मनगटावर चालत होतं. हे जाकीट एकदा माझ्या अंगातून त्याच्या हातात गेलं, की तो तसाच परत धर्माकडं जाणार होता आणि काळं घेऊन येणार होता. ते माझ्या अंगात होतं तोवरच माझं होतं. गाडीत दहा माणसांपुढं बायकोच्या गळ्याची चेन ओढायची त्याची हिंमत नव्हती. त्याची लाज हा माझा एकुलता एक कडी-कोयंडा होता.

पण आत मी शिजत होते. पाठीवरून घाम ओघळत कंबरेच्या दोरीपाशी साचत होता. गळ्यापाशी श्वास कोंडत होता. माणसांचे खांदे दोन्ही बाजूंनी दाबलेले, पुढं मासळीचा वास, वर ताडपत्री. एका वळणावर डोळ्यांपुढं काळं आलं. त्या गोठलेल्या दारामागं जसं वाटलं होतं अगदी तसंच वाटलं, फक्त उलट्या बाजूनं. तिथं दार बडवायला हूक तरी होता. इथं मीच दार धरून बसले होते.

म्हातारीनं पदर ओला करून माझ्या तोंडावर फिरवला. "काढ ना गो, काय सोना लपवलाय आतमधी?"

मी मान हलवली. बोलले असते तर ओकले असते.

कारखान्याच्या गेटपाशी उतरले ते हिराबायच्या अंगावरच. पाळी भरायला अजून अवकाश होता, बाया कॉम्प्रेसरच्या खोलीमागं बसल्या होत्या, तिथंच ती मला घेऊन गेली. हिराबायनं माझं तोंड बघितलं, जाकिटाच्या आत हात घातला आणि कपाळ बडवून घेतलं.

"भिजवलास ना गो! असाच आत गेलीस तर पुन्हा पत्रा होल अंगावर! काढ, काढ आधी!"

ते मला सुचलंच नव्हतं. एवढं जपलं, आणि त्याचंही निळ्यासारखंच ओलं फडकं करून आणलं. मी चेन खाली ओढली. वारा लागला तशी मी तिथंच भिंतीला टेकून बसले. हिराबायनं जाकीट उलटं केलं आणि गरम हवेच्या झोतापुढं दोन्ही हातांनी पसरून धरलं.

उत्तरेश्वर मागनं आलाच होता.

"आना हिकडं," तो म्हणाला.

"वाळू दे."

"वाळलं. आना."

"तुला ना होणार रं तो, कशाला ओरतंस?"

"न्हाई कसं हुनार? तानलं की हुतंय. नवं हाय म्हनून कडक हाय."

त्यानं ते तिच्या हातातून ओढून घेतलं. बाया उठून उभ्या राहिल्या. पाटकर ऑफिसच्या दारात आले, चहाचा कप हातात. उत्तरेश्वरनं एक हात घातला. तो मनगटाच्या आवळपट्टीशी जाऊन थांबला. त्यानं दुसरा मागं नेला, खांदा उडवला, आणि जोर लावून तोही घुसवला. मग पाठीवर कापड ताणलं गेलं आणि तो अडकला.

त्याचे दोन्ही हात मागं बांधल्यासारखे झाले. आत जाईनात, बाहेर येईनात. मनगटाची आवळपट्टी त्याच्या घड्याळात गुंतली होती. तो एकदा स्वतःभोवती फिरला. बायांत कुणीतरी फिसकन हसलं.

"हसता काय? वडा कुनीतरी!"

कुणी पुढं आलं नाही. तो लाल झाला. श्वास कोंडल्यासारखा तोंडानं श्वास घ्यायला लागला. गरम झोताच्या पुढ्यात तो उभा होता, बाजूला सरकायचंही त्याला सुचत नव्हतं.

"मंदे," तो म्हणाला. आवाज निराळाच होता. "मंदे, काढ गं."

हिराबायनं कंबरेची सुरी काढली. तीच. "कापू काय?"

"जाकीट कापू नका!" मी ओरडले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यानंही बघितलं. हात मागं अडकलेला माणूस जसा मान वाकडी करून बघतो, तसं.

आधी जाकीट, मग माणूस, हे मी कुठं ऐकलं होतं ते मला तिथंच कळलं आणि त्यालाही कळलं. लाज वाटली का? नाही वाटली. आज एवढ्या वर्षांनी बसून लिहिते आहे, तरी वाटत नाही. दोघांत एकच वस्तू ठेवा, आणि मग बघा कोण कुणाला आधी विचारतं. हे ज्यांनी ठेवलं ते दारात चहा पीत उभे होते.

मी उठले. त्याच्या मागं गेले. आधी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडला, म्हणजे आवळपट्टी मोकळी झाली. मग एक बाही ओढली, मग दुसरी. शिवण उसवली नाही. घड्याळ माझ्याच हातात राहिलं. ते मी पोलक्यात टाकलं. त्यानं बघितलं.

"चेन लागते का?" पाटकरांनी तिथूनच विचारलं.

जाकीट आतून वाळलं होतं. मी ते सुलटं करून घातलं आणि चेन हनुवटीपर्यंत नेली. टच् टच् टच्.

"एक तारखेला सकाळी ये," ते म्हणाले. "आज आत कोळंबीची खोकी लावायची आहेत, उशीर करू नका." आणि गेले.

बायाही पांगल्या. उत्तरेश्वर मनगट चोळत उभा राहिला. तिथं पट्ट्याखालचं कातडं पांढरं पडलं होतं.

"मग सकाळी मी काय घालू?" त्यानं विचारलं.

दोन वर्षं हा प्रश्न माझा होता. माझ्याकडं त्याचं उत्तर असायला हवं होतं.

"आवं, मी काय सांगू," मी म्हणाले. "लहान मोठ्याला चालत न्हाई."

तो हसला नाही. मी हूक घेतला आणि आतल्या दाराशी गेले. हिराबाय मागं मागं आली. दाराच्या आतल्या बाजूला हँडलच्या जागी चार भोकं तशीच होती. एकात कुणीतरी बिडी विझवलेली.

"जा," ती म्हणाली. "मी हाय इथं. चहाला ना जात आज."

आत पाय टाकला. बाहेरचा घाम, मिनीडोर, हसणारी माणसं, सगळं मागं राहिलं. थंडी तोंडावर आली, पण गळ्याखाली उतरली नाही. पट्टीपाशी थांबली. मागं वळून बघितलं तर तो अजून तिथंच होता, हात लोंबते सोडून, माझ्याकडं बघत.

ते दार रोज बाहेरचा माणूस लावायचा. त्या दिवशी मी हँडलच्या भोकात हूक अडकवून ते आतून ओढलं आणि स्वतः लावून घेतलं.